कापुस्तिनचं चेंबर संगीत (मोजक्या वादकांसाठी लिहिलेलं) ऐकायला सुरुवात कुठून करावी?

बासरी, चेलो आणि पियानोसाठीच्या त्रिकुटापासून, म्हणजे ओपस (रचना-क्रमांक) ८६ पासून. संगीतकार निकोलाय कापुस्तिन (१९३७–२०२०) मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत पियानो शिकला आणि पुढे ओलेग लुंडस्ट्रेमच्या जॅझ वाद्यवृंदात वाजवत होता. त्यामुळे पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ, दोन्ही गोष्टी त्याच्या हातात मुरलेल्या. गंमत अशी, की ऐकताना सगळं उत्स्फूर्त वाटतं, पण प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. तो स्वतःला जॅझवादक म्हणवून घेत नसे. ढाचा सोनाटाचा, म्हणजे अभिजात संगीतातल्या ठरावीक रचनाप्रकाराचा; ताल आणि स्वरसंगती मात्र जॅझची. त्रिकूट आवडलं तर पियानो पंचक, ओपस ८९ ऐका. तंतुवाद्य चौकडी जरा दाट आहे, ती मागाहून. जिथे पियानो आहे, तिथे पियानोवादकाची मात्र दमछाक!