मनगट पडलेल्या हाताची ताकद घरी कशी मोजावी

प्रश्न असा आहे: भावाचा दंड मोडला, नस दुखावली, मनगट लटकलं. आता चौथा महिना सुरू आहे, मूठ आधीपेक्षा घट्ट वळते. म्हणजे नस भरून येतेय का?

मुठीवरून ते कळत नाही. मूठ वळवणारे स्नायू मीडियन आणि अल्नर नसांवर चालतात. दंडाच्या हाडाला लपेटून जाणारी रेडियल नस मनगट आणि बोटं वर उचलते. मनगट पडलं की मूठ ढिली होते; स्प्लिंट (मनगट उचलून धरणारा आधार) घातला की तीच मूठ लगेच घट्ट. नसेत काही फरक पडलेला नसतो.

बोटंही फसवतात. बोटांचे पुढचे सांधे हातातले बारीक स्नायूसुद्धा सरळ करतात, आणि त्यांना मुख्यतः अल्नर नस असते. बघायचं ते बोटं मुळाच्या सांध्यापासून वर उचलतात का.

तुटलेली नस दिवसाला साधारण 1 मिमी वाढते, आणि जवळच्या स्नायूपर्यंत आधी पोचते, म्हणून क्रम ठरलेला: आधी ब्रॅकिओरेडिअलिस (कोपर वाकवायला मदत करणारा स्नायू), मग मनगट, मग बोटं, शेवटी अंगठा. अंगठा वर ठेवून कोपर वाकवायला लावा, तुम्ही अडवा. कोपराखाली अंगठ्याच्या बाजूला स्नायू टरारून उठला तर सुरुवात झाली.

मनगटासाठी हात टेबलावर आडवा, अंगठा वर. पंजा मागं सरकला तर ग्रेड 2 (स्नायूची ताकद 0 ते 5 अशी मोजतात). तळहात खाली करून, टेबलाच्या कडेबाहेर लोंबलेला पंजा पूर्ण वर आला तर 3. त्यापुढचा ग्रेड 4 इतका ऐसपैस आहे की आकडाच हवा. हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच पुढचं करा.

छोटा लटकता डिजिटल काटा घ्या. कापूस तोलायचा मोठा स्प्रिंगकाटा इथे निकामी, थोडा फरक दाखवतच नाही. बोटांच्या मुळांमागे दोन बोटं रुंद पट्टा, काटा खाली पक्का बांधलेला. मनगटापासून पट्ट्याचं अंतर पेनाने खूण करून दर वेळी तेच ठेवा. पट्टा 2 सेंमी मागं सरकला तरी आकडा उगाच वाढतो. पंजा वर उचलायला हळूहळू जोर लावून 5 सेकंद धरायचं, मध्ये मिनिटभर विसावा, तीनदा करून सरासरी. मग दुसऱ्या हाताचंही तसंच. पंधरा दिवसांतून एकदा पुरे, पण कापूस वेचणीहून आल्यावर किंवा पहाटेच्या थंडीत नको.

ब्रॅकिओरेडिअलिस अजून हललाच नसेल तर काटा राहू द्या, नागपूर किंवा सेवाग्रामला ईएमजी (स्नायूंतल्या विजेच्या लहरींची तपासणी) करून हाताच्या सर्जनला दाखवा. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू नंतर नस पोचूनही फारसा उठत नाही.