चार महिन्यांच्या बाळाला ब्रॉन्किओलायटिस झालाय, पण डॉक्टरांनी औषधच दिलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का?

मी गोव्यातच लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तुम्ही लिहिलंय की दोन दिवस साधी सर्दी होती, तिसऱ्या दिवशी छाती घरघरायला लागली, डॉक्टरांनी तपासून नुसते नाकात घालायचे सलाईनचे थेंब दिले आणि सासूबाई म्हणतात, डिचोलीत दुसरे डॉक्टर मेले काय! दाखवायचं तर दाखवा, पण चिठ्ठी लांबलचक म्हणून डॉक्टर हुशार असं काही नसतं.

ब्रॉन्किओलायटिस म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांची सूज. हा आजार विषाणूंचा, बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूचा. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. दम्यात श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, म्हणून वाफाऱ्याच्या (नेब्युलायझरच्या) औषधाने ते सैल होतात. इथे अगदी बारीक नळ्या आतून सुजलेल्या आणि चिकट स्रावाने भरलेल्या असतात, त्यामुळे त्या औषधाचा सहसा उपयोग होत नाही. स्टिरॉइडचाही नाही. खोकल्याचं सिरप तर नकोच. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा बजावलंय.

शिवाय तिसरा ते पाचवा दिवस हाच सगळ्यात वाईट असतो. नेमके तेव्हाच लोक डॉक्टर बदलतात, सहाव्या दिवशी उतार पडतो आणि नाव नव्या डॉक्टरांचं होतं. वॉर्डात हे आम्ही नेहमी बघतो.

मग करायचं काय? एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही. म्हणून पाजायच्या आधी थेंब घालून नाक मोकळं करा आणि थोडं थोडं, पण जास्त वेळा अंगावर घ्या. एका वेळी पोटभर पाजायचा हट्ट नको. ताप असेल तर पॅरासिटामॉल, तेही वजनावर ठरवून डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच.

धुरी बंद. ओवा-लसणीची असो नाहीतर उदाची, सुजलेल्या नळ्यांना तो धूरच. देवघरातली अगरबत्ती आणि कुणाची सिगरेटही त्यातच आली. छातीला कापूर घातलेलं तेल, बाम किंवा फेणी चोळायची नाही. कापूर तान्ह्या बाळांना विषारी ठरू शकतो. मधाचं बोटही वर्षाच्या आत नाही. सासूबाईंना दृष्ट काढू द्या, मिरच्या मात्र जाळायला नकोत.

आता लक्ष कशावर ठेवायचं. बाळ शांत झोपलेलं असताना पोटावरचा कपडा बाजूला करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तुमच्या बाळाच्या वयात ५० किंवा जास्त म्हणजे वेग वाढलाय, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. (दोन महिन्यांखाली हा आकडा ६०, वर्षानंतर ४०.) तापातही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. मोठ्यांच्या बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बाळाला लावून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका, त्याचा आकडा भरवशाचा नसतो.

बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणं, श्वासागणिक कण्हणं, दूध निम्म्यावर येणं, सहा-आठ तास लंगोट कोरडा राहणं, बाळ मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका. ओठ निळसर झाले किंवा श्वास मध्येच थांबला तर सरळ १०८ला फोन. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) किंवा म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात नेतील. तिथेही बहुतेक बाळांना लागतो तो ऑक्सिजन आणि नळीने दूध किंवा सलाईन, बाकी काम शरीरच करतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा हृदयाचा दोष असेल, तर याहून लवकर निघा. तसं असेल तर तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

चवथीला माहेरी जाऊ का, असंही विचारलंय. यंदा नको. बाळ आधीच दमलेलं, ते दहा जणांच्या मांडीवरून फिरायला नको, त्यात तुमच्या भावाची मुलंही लहान आहेत, त्यांना लागण व्हायची. घरातही बाहेरून येणाऱ्याने हात धुऊनच बाळाला घ्यावं, आणि ज्याला सर्दी आहे त्याने मुका घेऊ नये, मग तो आजोबा का असेना.

हा बाळदमा आहे का ही धास्ती आत्ताच घेऊ नका, एका वेळेवरून ते ठरत नाही. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळेल. बाळ पीत असेल आणि खेळत असेल तर रेंगाळू द्या. त्यापुढेही राहिला तर पुन्हा त्याच डॉक्टरांना दाखवा, त्यांनी आधीची छाती ऐकलेली आहे.