सर्किट चाललं, आता डबा कशाचा करायचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : पाण्याच्या टाकीची पातळी दाखवून मोटार चालू-बंद करणारं सर्किट तयार आहे. ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), १६×२ चा एलसीडी आणि एक रिले (सर्किटच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) एवढंच सामान आहे. ओळखीचा लेझर कटिंगवाला ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये डबा कापून देतोय, कॉलेजात थ्रीडी प्रिंटरही आहे. काय निवडू?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सिडको

उत्तर : रिलेवर २३० व्होल्ट येणार आहेत, म्हणून निवड त्यावरून करायची, दिसण्यावरून नाही. एमडीएफ इथे नकोच. पावसाळ्यात त्याच्या कापलेल्या कडा ओल पितात आणि फुगतात, स्क्रूची पकड सुटते, आणि आत एखादं टर्मिनल सैल होऊन तापलं तर हे लाकूड पेटतं. अ‍ॅक्रिलिकला ओल बाधत नाही, पण पेट तेही घेतं.

इलेक्ट्रिकच्या दुकानात एबीएस प्लॅस्टिकचे जंक्शन बॉक्स तयार मिळतात. तुमच्या सामानाला १५०×११०×७० मिमीचा पुरेल. घेताना दुकानदाराला आग न धरणाऱ्या प्लॅस्टिकचा मागा. रिले आणि पॉवर सप्लाय एका टोकाला, ईएसपी३२ दुसऱ्या टोकाला ठेवा. २३० व्होल्टचं कुठलंही उघडं टोक आणि ५ व्होल्टची बाजू यांत निदान ८ मिमी मोकळी जागा हवी. मध्ये प्लॅस्टिकची आडपट्टी उभी केली तर सुटलेली वायर पलीकडे पोहोचत नाही. आणि मोटार थेट या छोट्या रिलेवर घेऊ नका. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यात रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि टाकी भरली तरी मोटार बंद होत नाही. रिलेने फक्त स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटारीचा करंट झेलणाऱ्या मोठ्या रिलेची, कॉइल चालवायची.

झाकणात एलसीडीची खिडकी कापणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम. बोर्ड साधारण ८०×३६ मिमी असतो आणि चार भोकांची केंद्रं ७५×३१ मिमीवर येतात, पण धातूच्या चौकटीचं माप कंपनीगणिक बदलतं. त्यामुळे हातातला नग व्हर्नियरने मोजा. मापाचा कागद झाकणावर चिकटवा, रेषेच्या आत १ मिमी सोडून ३ मिमीची भोकं ओळीने पाडा, मधला तुकडा काढा आणि चपट्या कानशीने रेषेपर्यंत या. दर दोन-चार हातांनी एलसीडी लावून पाहा. खिडकी चौकटीपेक्षा अर्धा मिमी मोठी ठेवा. घट्ट बसवली तर झाकण आवळताना काचेवर ताण येतो आणि एक कोपरा काळा पडतो.

अ‍ॅक्रिलिक वापरायचंच असेल तर बॅटरीवरच्या प्रकल्पाला वापरा. ३ मिमी म्हणून घेतलेली शीट मोजली तर बरेचदा २.७ ते २.९ भरते. खाचा शीट मोजूनच काढा, नाहीतर सांधे खुळखुळतात. भोक पाडताना खाली लाकूड धरा, ड्रिल सावकाश फिरवा आणि बिट पलीकडे निघताना दाब काढून घ्या, कारण तडा तिथेच जातो. लेझरने कापलेली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू नका. कापताना कडेत ताण राहिलेला असतो आणि अल्कोहोल लागलं की केसासारख्या भेगा पडतात. साबणाचं पाणी पुरे.

प्रिंट करायचं तर पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक घराच्या आत चालेल. गच्चीवर उन्हात मात्र ते ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं आणि झाकण वाकडं होतं. तिथे पीईटीजी घ्या. ते सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरतं.

वायफायसाठी एक सांगणं: पत्र्याच्या डब्यात ईएसपी३२ बंद केला तर सिग्नल जवळपास मरतो. प्लॅस्टिकच्या डब्यातही अँटेनाचं टोक वायरींच्या जुडग्यापासून लांब, डब्याच्या भिंतीकडे तोंड करून ठेवा.

प्रश्न : बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारं सर्किट आयपी६५ डब्यात बसवलं आहे. झाकण घट्ट, वर सिलिकॉनही मारलं. तरी सकाळी उघडलं की आत थेंब दिसतात. दोन महिन्यांत टर्मिनल हिरवी पडली.
— द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : हे पाणी पावसाचं नाही, हवेतलं आहे. दिवसा डबा तापतो आणि आतली हवा फुगून फटींतून बाहेर जाते. निफाडची थंडीतली रात्र कशी पडते हे तुम्हाला सांगायला नको. डबा गार झाला की तीच हवा आकसते आणि बाहेरची ओलसर हवा केबलच्या बाजूने आत ओढली जाते. पहाटे तिचं दव होतं. आयपी६५ मधला ६ धुळीसाठी आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी असतो. हवेची ही ये-जा तो थांबवत नाही. तुम्ही जितकं बंद केलंत, तितकं आत आलेलं पाणी तिथेच अडकलं.

उपाय उलटा वाटेल: डब्याच्या सगळ्यात खालच्या बाजूला ४ मिमीचं एक भोक पाडा आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून आतून स्टीलची बारीक जाळी चिकटवा. पाणी आत येऊ न देता हवा जाऊ देणारा तयार व्हेंट मिळाला तर त्याहून चांगलं. सिलिका जेलची पुडी अशा डब्यात काही दिवसांत भरून निकामी होते, तिच्यावर विसंबू नका.

सगळ्या केबल खालूनच घ्या, वरून किंवा बाजूने नाही. डब्यात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जातं. ग्लँड (भोकात बसून केबलभोवती आवळला जाणारा भाग) केबलच्या जाडीचाच हवा: ३ ते ६ मिमीच्या केबलला पीजी७, त्यासाठी भोक १२.५ मिमी, ८ मिमीपर्यंत पीजी९, भोक साधारण १५.२ मिमी. दोन बारीक केबल एका ग्लँडमधून ओढल्या की मधली फट कधीच बंद होत नाही.

टर्मिनल हिरवी पडण्यात सिलिकॉनचाही हात असू शकतो. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि बंद डब्यात ते तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या. शिवाय बागेत गंधकाचे आणि बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे) फवारे असतात. गंधकाने तांबं काळं पडतं, आणि बोर्डोचा थर ओला झाला की दोन टर्मिनलांमध्ये करंट गळतो. म्हणून जुनी टर्मिनलं बदला, बोर्ड अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा, मग कॉन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डला ओलीपासून वाचवणाऱ्या पातळ थराचे) दोन हात द्या. कनेक्टर, प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टर) आणि रिलेच्या फटी आधी टेपने झाका. डबा पांढरा घ्या, खांबाच्या उत्तर बाजूला लावा आणि वर दोन बोटं अंतर सोडून पत्र्याचं छप्पर करा. उन्हातला काळा डबा आतले कॅपॅसिटर लवकर म्हातारे करतो.

प्रश्न : टोरॉइडल (कड्यासारख्या गोल) ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरला पत्र्याचं कॅबिनेट घरीच वाकवून करायचं आहे. बेंडिंग मशीन नाही, व्हाइस आहे. काय काळजी घेऊ?
— निवृत्त फिटर, सातपूर

उत्तर : १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा हाताने नीट वाकतो. दोन लोखंडी अँगलमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळा आणि लाकडी ठोकळा मध्ये ठेवून पूर्ण लांबीवर थोडं थोडं ठोका. एका टोकाला ९० अंश करून पुढे सरकलात तर पत्रा पिळतो. मोड येणार त्या रेषेवर खुणेची सुई ओढू नका, पेन्सिलच वापरा, कारण कडक ॲल्युमिनियम त्या ओरखड्यावरच चिरतं. अँगलची धार कानशीने दीड-दोन मिमी गोल करा आणि शीटवरच्या रोलच्या रेघांना आडवा मोड घ्या. माप काढताना प्रत्येक मोडामागे सुमारे २ मिमी वजा करा: बाहेरून २०० मिमी रुंद आणि दोन्हीकडे ६० मिमी उंच हवं असेल तर ३२० नाही, ३१६ मिमीची पट्टी कापायची. आधी त्याच शीटच्या कतरणीवर एक मोड करून मोजा.

अर्थिंगची जागा वेगळी ठेवा, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर घेऊ नका. मेन आत येते तिथे पत्रा चमकेपर्यंत खरवडा, एम४ चा बोल्ट बाहेरून घाला, आतून दातेरी वॉशर, त्यावर वायरच्या टोकाला दाबून बसवलेला (क्रिम्प केलेला) रिंग लग, परत दातेरी वॉशर, मग नट. पावडर कोटिंग केलंत तर झाकण आणि तळ यांचा विजेचा संपर्क तुटतो, त्यामुळे झाकणालाही अर्थची वेगळी वायर द्या. मल्टीमीटरवर अर्थ पिनपासून प्रत्येक पत्र्यापर्यंत जवळजवळ शून्य ओहम दिसलं पाहिजे. फ्यूज आणि स्विच फेजवरच.

टोरॉइडच्या मधल्या बोल्टचं डोकं तळाला लागलेलं असतं. त्याचं वरचं टोक झाकणाला टेकलं तर बोल्ट, झाकण, बाजू आणि तळ मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि चालू करताच फ्यूज उडतो. वर निदान १० मिमी मोकळे ठेवा.

टीडीए२०३० ही अ‍ॅम्प्लिफायरची आयसी वापरत असाल तर त्याची धातूची पाठ ऋण सप्लायला जोडलेली असते. दुहेरी (धन आणि ऋण) सप्लायवर अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश लावल्याशिवाय तो पत्र्याला कसू नका. आणि ॲल्युमिनियम ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची गुणगुण अडवत नाही. इनपुटची बाजू लांब ठेवा आणि ट्रान्सफॉर्मर कसण्याआधी जागच्या जागी फिरवून गुणगुण सगळ्यात कमी येते ती दिशा धरा.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वीस मुलांना स्वस्त डबे करून हवे आहेत, सगळे बॅटरीवरचे. सनबोर्ड लेझरने कापून घेऊ का?
— शिक्षिका, पंचवटी

उत्तर : सनबोर्ड घ्या, लेझर नको. तो पीव्हीसीचा फोम असतो. लेझरखाली त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते, ती छातीला घातक आहे आणि मशीनही गंजवते. ५ मिमीचा सनबोर्ड स्टीलची पट्टी धरून कटरच्या तीन-चार हातांत कापला जातो. पहिला हात हलका, फक्त रेघ पडण्यापुरता; कापणं मोठ्यांनीच करावं. सांध्याला इन्स्टंट ग्लू चालतो. ग्लू गनचा सांधा उन्हाळ्यात सुटतो, त्यामुळे तो फक्त वायरी धरायला वापरा. एलईडीचं भोक ५ मिमी, छोट्या टॉगल स्विचचं ६ मिमी. बॅटरीचं झाकण चिकटवू नका, दोन स्क्रूंवर ठेवा, म्हणजे प्रदर्शनाच्या दिवशी सेल बदलता येतील.