नेसणे, घालणे आणि ‘वेअर’

प्रश्न : सर, मी निपाणीची. रोज संध्याकाळी पाचला, म्हणजे तिकडे साडेआठला, सोलमधल्या दोन मुलींना व्हिडिओ कॉलवर इंग्रजी शिकवते. परवा एक जण म्हणाली, ‘वेट, आय अ‍ॅम वेअरिंग माय सॉक्स’, आणि मोजे अजून हातातच. चूक कळली, पण कारण सांगता येईना. कसं समजावू?

उत्तर : ताई, तिच्या भाषेत ते वाक्य बरोबर आहे, हे आधी तिला सांगा. कोरियनमध्ये अंगात कपडा घालणं ‘इप्ता’, पायात मोजे-बूट ‘शिन्ता’, डोक्यावर टोपी ‘स्सुदा’, बोटात अंगठी ‘कीदा’. चष्म्यालाही टोपीचंच ‘स्सुदा’. इंग्रजीत या सगळ्यांना एकटं ‘वेअर’. आपल्याला यात नवल वाटू नये. माझी आजी बेळगावच्या वडगावातली, घरात हातमाग. कुणी ‘लुगडं घातलं’ म्हटलं की ती तिथंच थांबवायची : लुगडं नेसायचं, घालायची ती चोळी! शेजारच्या कन्नड मावशीही ‘सीरे उट्टुको’, पण ‘चप्पली हाक्को’ म्हणायच्या.

खरी अडचण पुढे आहे. ‘शिन्को इत्ता’ या एकाच रूपाचे दोन अर्थ होतात : मोजे चढवणं चाललंय, किंवा मोजे पायात आहेत. इंग्रजी तिथं क्रियापदच बदलते. चढवायचं तर ‘पुट ऑन’, अंगावर असलं तर ‘वेअर’. मराठीत ‘नेसतेय’ आणि ‘नेसलेय’ इतका स्वच्छ फरक आहे, तरी आपली मुलं तीच चूक करतात, कारण ‘वेअर म्हणजे घालणे’ एवढंच पाठ करून घेतलेलं असतं. सुरुवातीची काही वर्षं मीही तसंच शिकवलं, त्याची रुखरुख अजून आहे.

उपाय कोरियनमध्येच सापडतो. ‘शिन्नुन जुंग’ म्हणजे फक्त चढवणं चालू. तुझं वाक्य असं म्हणता येईल का, एवढं तिला विचारा. येत असेल तर ‘पुट ऑन’.

अत्तराचं मात्र वेगळं सांगावं लागेल. कोरियन माणूस ते फवारतो, आपण लावतो, इंग्रजीत तेही ‘वेअर’.

पुढच्या तासाला तिला मोजे हातात घेऊनच बसवा. चढवताना एक वाक्य, चढवून झाल्यावर दुसरं. ‘वोअर’, ‘वॉर्न’ ही रूपं त्या दिवशी नकोत.