मंडळ कुणाचं, पैसा कुणाच्या खात्यात?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात थर्ड मायनरला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे. गॅदरिंग, रक्तदान शिबिर, पुस्तक पेढी, गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी असं बरंच काही चालतं. यंदा मला सचिव केलं. केलं म्हणजे, आधीच्या सचिवांनी ग्रुपवर माझं नाव टाकलं आणि काही जणांनी होकाराचे अंगठे टाकले. ते आता इंटर्नशिपला आहेत. मंडळाचे पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात आहेत. किती, ते कुणालाच माहीत नाही आणि मला मागायला संकोच वाटतो. मंडळाला घटना, म्हणजे लेखी नियमावली नाही. सल्लागार सर म्हणतात, निवडणूक नको, नावं मी देतो. सीनिअर म्हणतात, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून टाक, सगळं मिटेल. त्यातच कळलं की मागच्या शिबिरात ज्या गावकऱ्यांची सिकलसेल तपासणी केली, त्यांची यादी एका मित्राच्या फोनमध्येच पडून आहे. सुरुवात कुठून करू?
— एक सचिव

उत्तर : बेटा, सुरुवात त्या यादीपासून कर. पैसा आठ दिवस थांबेल, यादी थांबणार नाही.

माझ्या दवाखान्यात एकदा एका कोलाम आदिवासी पोडावरची (वस्तीवरची) बाई तिच्या मुलीला घेऊन आली. पदराच्या गाठीतून तिनं एक चिठोरं काढलं. त्यावर मुलीचं नाव आणि 'पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलेलं. तारीख नाही, कोणती तपासणी ते नाही, कुणी केली ते नाही. "कोण आलं होतं?" विचारलं तर म्हणाली, "पांढरे कोटवाले पोट्टे आल्ते, बाई. जीप होती त्यायची." पोरीला काही झालंय, तिचं लग्न जमणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. आम्ही पुढची तपासणी करून घेतली. मुलगी वाहक निघाली, आजारी नव्हती. मधले सगळे महिने ती माउली घोर लावून बसली होती.

गावात तुम्ही बोटाला टोचून जी सोल्युबिलिटी चाचणी करता, ती रक्तात सिकलसेलचं एस हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस नुसता वाहक आहे की त्याला आजार आहे, हे प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी केल्याशिवाय कळत नाही. म्हणजे तुमचं शिबिर हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं प्राथमिक आरोग्य केंद्राकडून व्हायचं असतं आणि त्यांच्यापर्यंत यादीच पोचली नाही तर तुम्ही त्या माणसाला नुसतं टोचलं, एवढाच अर्थ उरतो. आपल्याकडे हा आजार काही विशिष्ट समाजांत जास्त आहे. सोयरिकीच्या बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पोरीचं आयुष्य अडतं.

म्हणून या आठवड्यात पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात जा. तिथल्या सरांच्या किंवा मॅडमच्या सहीनं यादी त्या भागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठव, पोच घे, पोचपावती फायलीत लाव आणि फोनमधली यादी तुझ्यासमोर पुसायला लाव. फोटो काढले असतील तर तेही. पुढच्या शिबिराआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी असल्याशिवाय जीप हलायची नाही, तपासणी विभागाच्या देखरेखीखालीच व्हायची आणि निदान विद्यार्थ्यांनी सांगायचं नाही, असा ठराव बैठकीत लिहून घे. मंडळाच्या घटनेत पहिलं कलम कोणतं असावं असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन : रुग्णाची माहिती मंडळाची मालमत्ता नाही.

आता पैसा. संकोच वाटतो म्हणतेस, तो मी समजू शकते. सीनिअर आहेत, उद्या वॉर्डात त्यांच्याच हाताखाली पोस्टिंग असेल. पण तू चोरीचा आळ घेत नाहीयेस, हिशेब मागते आहेस आणि हिशेब मागणं हे सचिवाचं कामच आहे. तोंडी मागू नको, ग्रुपवर तर मुळीच नको. एक साधं पत्र लिही : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची जमा, खर्च, पावत्या आणि शिल्लक कळवावी ही विनंती. सल्लागार सरांच्या खोलीत तू, आधीचे सचिव आणि खजिनदार असे बसा आणि त्यांच्या बँक खात्याच्या उताऱ्यातल्या मंडळाच्या नोंदींवर खुणा करत जा. त्यांनी पदरचे पैसे घातलेले असण्याचाही संभव आहे. विद्यार्थी मंडळात असं फार होतं आणि तेही कुठे लिहिलेलं नसतं. तसं निघालं तर त्यांचे पैसे त्यांना परत मिळाले पाहिजेत.

मंडळाच्या नावाचं खातं निघेपर्यंत नवी वर्गणी घेऊ नका. बँक ठराव मागेल, पदाधिकाऱ्यांची यादी मागेल, पॅन मागेल, नियमावलीची प्रत मागेल. म्हणजे घटना लिहिण्याचं निमित्तही आपोआप मिळेल. सचिव, खजिनदार आणि सल्लागार शिक्षक या तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या लागतील असं ठेव. वैयक्तिक खात्यातला पैसा कागदावर त्या माणसाचा असतो. तो माणूस उद्या पीजीला दुसऱ्या राज्यात गेला, फोन हरवला, नंबर बदलला, की मंडळाच्या हातात काही उरत नाही.

मी विद्यार्थिदशेत खजिनदार होते. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही होती. डाव्या पानावर जमा, उजव्यावर खर्च. अकाउंट सेक्शनमधले एक बाबू दर टर्मला ती तपासायचे. व्हाउचर सापडलं की हिरव्या पेन्सिलीची खूण, नाही सापडलं की शेजारी नुसता गोल. 'किरकोळ' हा शब्द त्यांना चालत नसे. "किरकोळ म्हणजे काय? चहा लिहा, बुंदी लिहा, जीपचं भाडं लिहा." रद्द झालेली पावतीसुद्धा पुस्तकात परत चिकटवायला लावायचे, नंबर तुटला नाही पाहिजे म्हणून. तुम्ही हेच एक्सेल शीटमध्ये करा, हरकत नाही. फक्त दर टर्मला त्याची छापील प्रत नोटीस बोर्डावर लागली पाहिजे. ज्या पोरानं वर्गणी दिली त्याला ती कुठे गेली हे विचारल्याशिवाय दिसलं पाहिजे.

घटनेची धास्ती घेऊ नको. दोन पानं पुरतात. सभासद कोण, सर्वसाधारण सभा कधी, कार्यकारिणीत किती जण, मुदत किती, गणपूर्ती (कोरम) किती, पैशाचा नियम काय, पदावरून काढायचं कसं, घटना बदलायची कशी. इतर संस्थांच्या घटना उतरवून घेशील तर फसशील. कारण मेडिकलचं वर्ष कॅलेंडरनं चालत नाही, युनिव्हर्सिटी परीक्षेनं चालतं. वार्षिक सभा 31 मार्चच्या आत अशा ओळी कागदावरच राहतात. त्या सुमारास कुणाची तरी प्रिलिम असते, कुणाची प्रॅक्टिकल असते आणि गणपूर्ती होत नाही. सगळ्या बॅचची लेक्चर्स एकाच वेळी चालू असतात असा पंधरवडा शोध आणि सभा त्यात बांधून टाक. गणपूर्ती निम्म्याची ठेवू नको, सभा कधीच भरणार नाही. एक तृतीयांश पुरे. मुख्य पदं थर्ड मायनरकडे, प्रत्येक पदाला एक सहायक सेकंड इयरचा, तोच पुढच्या वर्षी पदावर येऊ शकेल. फायनल मेजरवाल्यांना, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांना पदात गुंतवू नये. इंटर्ननी सभेत बोलावं, ऐकावं, मत मात्र देऊ नये.

हस्तांतराचा दिवस घटनेत लिही. पावती पुस्तकं, शिक्का, बॅनर, बीपी अपरेटस, वजनकाटा, पुस्तक पेढीच्या कपाटाची किल्ली, ई-मेलचा पासवर्ड : देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. तुझ्या आजच्या निम्म्या अडचणी हा एक कागद नव्हता म्हणून आहेत.

आणि बैठक कुठे भरते ते बघ. अनेक कॉलेजांत रात्री जेवणानंतर मुलांच्या होस्टेलच्या मेसमध्ये बैठक होते. मुलींच्या होस्टेलचं गेट तोवर बंद झालेलं असतं. मग 'मुली कामात पुढे येत नाहीत' असं वर म्हटलं जातं. मला याचा फार संताप येतो. बैठक दुपारच्या सुटीत लेक्चर हॉलमध्ये घ्या, विषयपत्रिका तीन दिवस आधी लावा, इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहा. फर्स्ट इयरचा एक प्रतिनिधी असू द्या. मेळघाटातून, एटापल्लीतून, मराठी शाळेतून आलेलं पोरगं इंग्रजीच्या धाकानं पहिलं वर्ष गप्प बसतं. बैठक मराठीत झाली तर ते बोलेल.

सल्लागार सरांबद्दल लिहिलंस. त्यांच्या मनातली भीती खोटी नाही. महाराष्ट्रात कॉलेज निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या, खून झाला, आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका थांबवून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. त्या पिढीच्या शिक्षकांना निवडणूक म्हटलं की ते दिवस आठवतात. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, त्याचा 1998 चा स्वतंत्र कायदा आहे आणि विद्यापीठाची विद्यार्थी परिषद त्या चौकटीत चालते. तुमचं मंडळ म्हणजे ती परिषद नव्हे. डीनच्या मान्यतेनं कॉलेजात चालणारं ते विद्यार्थ्यांचं मंडळ आहे, त्याचे पदाधिकारी कसे निवडायचे हे त्याची घटना ठरवते. सरांना विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी दाखव. सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली त्या लागू करायला सांगितल्या. उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांच्या आत, हजेरी किमान 75 टक्के, छापील पोस्टर नाही, पदासाठी एकदाच उभं राहता येणार. तुमच्याकडे तर खर्चाची गरजच नाही. लेक्चर संपल्यावर वर्गात गुप्त मतदान, मोजणी सगळ्यांसमोर, अर्ध्या तासाचं काम.

सल्लागारानं धुऱ्यावर उभं राहावं, वखर पोरांच्या हातात असू द्यावा. परवानगीची सही, पैशाच्या खात्यातली एक सही आणि रुग्णाशी संबंध येईल तिथे नकाराधिकार, एवढं त्यांच्याकडे असलंच पाहिजे. नावं देणं त्यात बसत नाही. सर दर वर्षी नावं देतात तिथे सरांची बदली झाली की मंडळ बसतं, आणि सरकारी कॉलेजात बदल्या होतच असतात. एडिंबराची रॉयल मेडिकल सोसायटी 1737 साली विद्यार्थ्यांनीच उभी केली, 1778 साली तिला राजसनद मिळाली, आजही तिचे अध्यक्ष विद्यार्थीच असतात. आपल्या सेवाग्रामला 1969 पासून मेडिकल कॉलेज आहे, तिथं फर्स्ट इयरची पोरं शिबिरासाठी गावात जाऊन राहतात. ज्या पोरांवर आपण गाव सोपवतो, त्यांच्यावर मतपेटी सोपवायला काय हरकत आहे?

नोंदणीचं थोडक्यात सांगते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण लागतात, ते सज्ञान हवेत. फर्स्ट इयरची काही पोरं सतराचीच असतात. महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. मग दर वर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज. तुमचे पदाधिकारी दर वर्षी बदलणार. एका वर्षीचा बदल अर्ज राहिला की पुढच्यांचे अडकत जातात आणि कागदावर मंडळ त्यांच्याच नावावर राहतं, जे केव्हाच डॉक्टर होऊन गेले. बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नसतील, जागा घ्यायची नसेल, तर या फंदात पडू नको. डीनच्या मान्यतेची घटना आणि तपासलेली वही तुला पुरेल.

प्रश्न : आमच्या मंडळानं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेशी जोडून घ्यावं का? वर्गणी लागते. काहींना परदेशी एक्स्चेंजचं आकर्षण आहे.
— एक विद्यार्थी, गोंदिया जिल्हा

उत्तर : जोडून घ्या, पण सभेत मत घेऊन. ही राष्ट्रीय संघटना ज्याच्याशी जोडलेली असते तो वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1951 मध्ये कोपनहेगनला स्थापन झाला. एक्स्चेंजबरोबरच सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मानवी हक्क असे त्याचे कायमचे विभाग आहेत आणि त्यांची शिबिरं कशी आखायची, बैठक कशी चालवायची याचं प्रशिक्षण कामाचं असतं. एक्स्चेंजला मोजकीच मुलं जातात आणि खर्च बहुतेक स्वतःचा असतो. तेव्हा वर्गणी सगळ्यांच्या पैशातून आणि प्रवास दोघांचा, असं होऊ देऊ नका. जायची इच्छा असेल त्यानं स्वतःची फी भरावी, मंडळानं फक्त संलग्नतेची. कुणाला पाठवायचं याचे निकष अर्ज मागवण्याआधी बोर्डावर लावा.

प्रश्न : मॅडम, मी कास्तकार आहे, दारव्ह्याकडला. पोरगा मेडिकलले आहे, त्याले पोरायनं जीएस (जनरल सेक्रेटरी) केलं. घरी फोन केला का मीटिंगमंधीच असते. असानं तो पास व्हईन काय?
— एक वडील

उत्तर : भाऊ, तुमची काळजी रास्त आहे. पोराला मीटिंग किती झाल्या ते विचारू नका, हजेरी किती आहे ते विचारा. थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के लागते, त्याखाली असेल तर त्यानं जीएसचं काम दुसऱ्याकडे द्यावं. हजेरी ठीक असेल आणि इंटर्नल परीक्षा निघत असेल तर करू द्या. पन्नास माणसं जमवणं, न भांडता निर्णय घेणं, दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब देणं हे उद्या त्याला आरोग्य केंद्रात रोज करावं लागणार आहे आणि कॉलेजातल्या कोणत्याच पेपरात ते येत नाही. फोन मात्र रविवारी सकाळी करा, तेव्हा पोरं खोलीवर सापडतात.