विद्यापीठातल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास जुन्या नोंदींतच नसेल, तर तो लिहितात कसा?

नोंदी असतात, फक्त त्या माणसांच्या म्हणून ठेवलेल्या नसतात. अमेरिकेतलं व्हर्जिनिया विद्यापीठ 1819 साली स्थापन झालं. ते मुख्यतः बांधलं गुलामांनी, आणि पुढं तिथलं स्वयंपाकपाणीही त्यांच्याच माथी. त्यांचा माग हिशेबाच्या वह्यांत, पत्रांत, मालमत्तेच्या याद्यांत शोधावा लागला.

2020 साली तिथं या गुलामांचं ग्रॅनाइटचं गोलाकार स्मारक पूर्ण झालं. आतल्या भिंतीवर सुमारे 4000 आडव्या खाचा आहेत, माणशी एक. नाव सापडलं तिथं नाव कोरलंय. काही ठिकाणी नुसतं नातं किंवा काम: आजी, गवंडी. बाकी खाच रिकामीच. मला ही रिकामी खाचच सगळ्यात प्रामाणिक नोंद वाटते; न सापडलेल्या माणसाचीही जागा तिनं राखून ठेवलीय.

बाहेरच्या अंगाला इझाबेला गिबन्स यांचे डोळे कोरलेत. एका प्राध्यापकाच्या घरी त्या गुलाम होत्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या शार्लट्सव्हिलमध्ये, त्या शिक्षिका झाल्या.

तुम्ही असं काम करणार असाल तर वंशजांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. घरात जपलेली नावं वह्यांत मिळत नाहीत.