वाइनरीहून परतताना अटक झाली. बहिणीच्या लग्नाला पुण्याला जाऊ का?

प्रश्न : मी ऑस्टिनमध्ये नोकरी करतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पत्नी जोडीदारासाठीच्या एच-फोरवर. ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० हा अर्ज मंजूर आहे. आई-बाबा पुण्याहून आले म्हणून वीकेंडला फिरायला निघालो. शनिवारी अध्यक्ष जॉन्सन यांचं म्युझियम, रविवारी त्यांचं रँच आणि मग स्टोनवॉलजवळच्या दोन वाइनरी. संध्याकाळी हायवे २९० वरून परतताना पोलिसांनी थांबवलं. ब्रेथ टेस्ट ०.०९ आली. रात्र लॉकअपमध्ये गेली, सकाळी जामीन झाला. मागच्या सीटवर आई-बाबांच्या मध्ये अर्धी संपलेली, पुन्हा बूच लावलेली बाटली होती. बाबा म्हणतात, ‘ती माझी होती असं मी लिहून देतो.’ मित्र म्हणतो, ‘डिफर्ड घे, म्हणजे शिक्षेऐवजी काही काळ देखरेख, सहा महिन्यांत रेकॉर्ड साफ.’ डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, तिकिटं काढलेली आहेत. पासपोर्टवरचा व्हिसा अजून दोन वर्षं चालतो. जाऊ ना? आणि कंपनीला सांगू का?

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी दोन ओळी कळवल्या होत्या. त्याच ओळी आधी इथे सविस्तर लिहिते, कारण त्यांना मुदत आहे.

पोलिसांनी लायसन्स काढून घेऊन तुमच्या हातात जो कागद ठेवला, ती लायसन्स निलंबनाची नोटीस आहे. तोच कागद चाळीस दिवस तात्पुरतं लायसन्स म्हणूनही चालतो. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत सुनावणीची मागणी केली नाही, तर चाळिसाव्या दिवशी निलंबन आपोआप लागू होतं. तुमच्यासारख्या पहिल्या प्रकरणात, टेस्ट देऊन ती ०.०८ किंवा वर आली असेल तर ते ९० दिवसांचं असतं. मागणी वेळेत पोहोचली तर निर्णय होईपर्यंत लायसन्स शाबूत राहतं. कोर्टाची तारीख पुढची असते म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि ही मुदत हातची घालवतात. ही सुनावणी फौजदारी खटल्यापासून वेगळी आहे. तुम्हाला थांबवणाऱ्या पोलिसाला तिथे साक्षीला बोलावून तुमचा वकील शपथेवर प्रश्न विचारू शकतो, आणि ती उत्तरं पुढे खटल्यात उपयोगी पडतात. म्हणून ज्या काउंटीत अटक झाली तिथे डीडब्ल्यूआयचे, म्हणजे पिऊन गाडी चालवल्याचे, खटले नेहमी चालवणारा स्थानिक वकील आजच नेमा. मी इमिग्रेशनचं काम करते. टेक्सासच्या काउंटी कोर्टात मी त्याची जागा घेऊ शकत नाही.

तुमच्यावरचा आरोप टेक्सासमध्ये ‘क्लास बी’ दर्जाचा आहे. किमान ७२ तास आणि कमाल १८० दिवस कैद, दोन हजार डॉलरपर्यंत दंड, आणि दोषी ठरल्यास राज्याचा आणखी तीन हजारांचा दंड. आकडा ०.१५ किंवा जास्त असता तर आरोप एक पायरी वर गेला असता. ०.०९ म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. इथे मशिनची तपासणी शेवटची कधी झाली, थांबवल्यापासून टेस्टपर्यंत किती वेळ गेला, रस्त्याच्या कडेला सरळ रेषेत चालायला लावलं तेव्हाचा व्हिडिओ काय दाखवतो, या सगळ्याला वजन येतं. दोन्ही वाइनरीतली कार्डाची बिलं जपून ठेवा, त्यांवर वेळ छापलेली असते. टेस्टिंगचे पेले लहान असतात खरे, पण एका फेरीत पाच-सहा होतात आणि तुम्ही दोन फेऱ्या केल्यात. हिशोब वकिलाला खरा सांगा. दुसऱ्या कुणाला सांगू नका.

आईंनी फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या, हातात ग्लास असलेल्या फोटोंबद्दल तुम्ही तळटीप लिहिली आहे. ते फोटो डिलीट करू नका, कुणाला करायला सांगू नका. टेक्सासमध्ये पुरावा नष्ट करणं हा मूळ आरोपापेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा आहे. नवीन काही टाकू नका, एवढंच.

आता बाटली. टेक्सासमध्ये प्रवासी बसतात त्या भागात दारूची उघडलेली बाटली ठेवणं हा वेगळा, छोटा गुन्हा आहे, पाचशे डॉलरपर्यंत दंडाचा. बूच परत लावलं तरी ती उघडलेलीच धरतात. डिकीत ठेवली असती तर प्रश्नच आला नसता. पण बाटली चालकाच्या अगदी हाताशी होती असं सिद्ध झालं, तर डीडब्ल्यूआयची किमान कैद ७२ तासांवरून सहा दिवसांवर जाते. म्हणून ती नेमकी कुठे होती याला महत्त्व आहे, आणि तुमच्या पत्रात ती मागच्या सीटवर, आई-बाबांच्या मध्ये आहे. हे तुमच्या बाजूचं आहे. तरीही बाबांना काही लिहून देऊ देऊ नका. मुलासाठी बापाचा जीव तुटतो, ते मला समजतं. पण ते स्वतः व्हिजिटर व्हिसावर आहेत, आणि त्यांनी लिहिलेला एकेक शब्द त्यांच्या पुढच्या व्हिसाच्या वेळी त्यांच्यासमोर येऊ शकतो. त्यांना जे माहीत आहे ते त्यांनी तुमच्या वकिलाला तोंडी सांगावं. ते पुण्याला परतण्याआधी ही भेट घडवून आणा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. ज्यांचं म्युझियम तुम्ही शनिवारी पाहिलंत, त्या लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पायथ्याशी इमिग्रेशन कायद्याच्या दुरुस्तीवर सही केली. त्याआधी १९४६ च्या कायद्याने भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम शंभर जागा होत्या. आज टेक्सासात मराठी घरं आहेत त्यामागे ती सही आहे. त्यांनी दुरुस्त केलेला मूळ कायदा १९५२ चा, आणि त्यातल्या २२१ व्या कलमाने सरकारला दिलेला एक अधिकार तेव्हाही होता, आजही आहे : दिलेला व्हिसा केव्हाही, आपल्या विवेकाने, रद्द करण्याचा. २०१५ पासून परराष्ट्र खात्याचं धोरण असं आहे की मागच्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल, तर त्या व्यक्तीचा व्हिसा सावधगिरी म्हणून रद्द करता येतो. अटक पुरेशी आहे. दोषी ठरायची वाट कुणी बघत नाही, आणि उद्या कोर्टाने तुम्हाला निर्दोष सोडलं तरी रद्द झालेला व्हिसा आपोआप जिवंत होत नाही.

त्यामुळे स्टिकरवरची तारीख बघून तिकीट काढायचं नाही. रद्द झाल्याचं पत्र बहुधा व्हिसाच्या अर्जात दिलेल्या ईमेलवर येतं. तो अर्ज, म्हणजे डीएस-१६०, भरताना कुठला पत्ता दिला होता ते आठवा, तो जुना असेल तर उघडून बघा, स्पॅमसुद्धा. पत्र आलं तर घाबरून नोकरी सोडू नका. तुमचा इथला मुक्काम आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर आणि एच-वन-बीच्या मंजुरीवर उभा असतो. अशा पत्रांत साधारणपणे लिहिलेलं असतं की तुम्ही देश सोडाल तेव्हापासून व्हिसा रद्द धरला जाईल. पण ‘साधारणपणे’ या शब्दावर विसंबू नका. रद्दबातल कधीपासून, हे वाक्य शब्दशः वाचा आणि पत्र त्याच दिवशी इमिग्रेशन वकिलाला पाठवा, कारण रद्द झालेला व्हिसा हे कायद्यात देशाबाहेर काढण्याचं कारणही होऊ शकतं.

डिसेंबरात गेलात तर परतीसाठी नवा व्हिसा लागेल असं धरूनच जावं लागेल. अर्जात ‘कधी अटक झाली का’ याला ‘हो’. मुलाखत. मग अमेरिकी सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी, कारण पाच वर्षांत दारूसंबंधी एक अटक असली तरी अर्जदाराला तिकडे पाठवतात. डॉक्टर व्यसनाचा प्रश्न आहे का ते ठरवतात आणि अहवाल गेल्यावर निर्णय होतो. यात किती आठवडे जातील, याची हमी कुणी देत नाही. तोवर तुम्ही पुण्यात, घराचं भाडं आणि नोकरी ऑस्टिनमध्ये, आणि इकडे कोर्टाची तारीख लागली तर गैरहजेरीबद्दल वॉरंट. शिवाय जामिनाच्या अटींत प्रवासावर बंधन आहे का, हेही तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तो कागद आधी वाचा.

माझं मत स्पष्ट सांगते : खटला निकाली निघालेला नसताना डिसेंबरात जाऊ नका. बहिणीला आजच फोन करा, लग्नाच्या आठवड्यात नाही. तिला वाईट वाटेल, तुम्हालाही. पण या वर्षीचं लग्न चुकणं आणि इथे उभं केलेलं सगळं टांगणीला लागणं, यांत निवड करायची झाली तर मी माझ्या सख्ख्या भावालाही हेच सांगेन. तुमच्या पत्नीवर कुठलाही आरोप नाही, पण एच-फोर तुमच्यावर अवलंबून आहे. त्या एकट्या जाणार असतील तर त्यांचाही व्हिसा आधी वकिलाकडून तपासून घ्या. आई-बाबांचं परतीचं तिकीट तसंच राहू द्या. आणि नाताळच्या सुट्टीत गॅल्व्हस्टनहून मेक्सिकोला जाणारी क्रूझ म्हणजेही देश सोडणंच, हे लक्षात असू द्या.

तुमच्या मित्राचा सल्ला मात्र मला सर्वांत धोक्याचा वाटतो. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या डीडब्ल्यूआयमध्ये, आकडा ०.१५ च्या खाली असेल तर, ‘डिफर्ड’ मिळू शकतं. राज्याच्या कायद्यात ती शिक्षा धरली जात नाही. पण तिथेही सहा महिन्यांत काही साफ होत नाही. देखरेखीचा काळ संपल्यावरही रेकॉर्ड झाकण्याचा अर्ज करायला दोन वर्षं थांबावं लागतं. आणि इमिग्रेशनच्या कायद्यात शिक्षेची व्याख्या वेगळी आहे : आरोपीने गुन्हा कबूल केला किंवा ‘नो कॉन्टेस्ट’, म्हणजे आरोपाला विरोध नाही, असं म्हटलं, आणि न्यायाधीशाने त्याच्या स्वातंत्र्यावर काही बंधन घातलं, की ती दोषसिद्धीच. डिफर्डमध्ये या दोन्ही गोष्टी असतात. काही काउंट्यांत कबुली न घेता खटला बाजूला ठेवून शेवटी काढून टाकण्याची सोय असते, तिची चौकशी वकिलाला आवर्जून करायला सांगा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी त्याला विचारा, ‘माझ्या इमिग्रेशनवर काय परिणाम?’ २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या निकालात सुप्रीम कोर्टाने देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य ठरवलं आहे. त्याला नीट माहीत नसेल तर त्याने आणि इमिग्रेशन वकिलाने फोनवर एकत्र बोलावं.

धीर देण्यासारखंही बरंच आहे, आणि ते खरं आहे म्हणून लिहिते. ज्यात कुणाला इजा नाही, गाडीत लहान मूल नाही, लायसन्स वैध आहे, अशा एकट्या डीडब्ल्यूआयमुळे सहसा कुणाला देशाबाहेर काढत नाहीत आणि ग्रीन कार्डचा दरवाजाही कायमचा बंद होत नाही. तुमचा आय-१४० यामुळे रद्द होत नाही. पण निलंबन लागू झाल्यावर मात्र एक मैलसुद्धा गाडी चालवू नका. लायसन्स निलंबित आहे हे माहीत असताना पुन्हा पिऊन चालवली, तर तो इमिग्रेशनच्या नजरेत नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरू शकतो, आणि तिथून परतणं फार अवघड असतं. कामावर जाण्यापुरतं मर्यादित लायसन्स कोर्टाकडून मिळू शकतं, ते मागा.

कंपनीला सांगावं का? अटक झाली की मालकाला कळवा, असा सर्वसाधारण कायदा नाही. मात्र नोकरीचा करार आणि हँडबुक वाचा, काही कंपन्या ती अट घालतात. कंपनीचा इमिग्रेशन वकील कंपनीचाही वकील असतो, तुम्ही त्याला सांगितलेलं कंपनीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून आधी स्वतःचा, स्वतःच्या पैशाने नेमलेला वकील गाठा, आणि कंपनीच्या वकिलाला काय व कधी सांगायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा.

शेवटची सूचना पुढच्या अनेक वर्षांसाठी आहे. खटला कसाही संपला, तरी कोर्टाच्या अंतिम आदेशाच्या आणि आरोपपत्राच्या शिक्क्यासह चार-पाच प्रमाणित प्रती काढून ठेवा. खटला काढून टाकला गेला आणि वकील म्हणाला की आता रेकॉर्ड पुसून घेऊ, तर त्या प्रती त्याच्या आधी घ्या, नंतर कोर्टाकडे द्यायला काही उरत नाही. ग्रीन कार्डच्या आय-४८५ वर, प्रत्येक डीएस-१६० वर, पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर अटकेचा प्रश्न येणारच. रेकॉर्ड पुसलेलं असलं तरी तिथे ‘हो’ लिहायचं आणि प्रत जोडायची. डीडब्ल्यूआयमुळे जे बंद होत नाही ते खोट्या ‘नाही’मुळे आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतं.